मामांना मिरी आली नाही

गंगापूर धरणाच्या अंगाला असलेल्या एका वाइनरीत आम्ही टेस्टिंगच्या काउंटरपाशी उभे होतो. डिसेंबरातली दुपार, बाहेर ऊन आणि आत जाड भिंतींचा गारवा. ओतणारा मुलगा आसपासच्याच कुठल्या गावचा असावा; पाहुण्यांशी इंग्रजी मिसळून बोलत होता आणि आतल्या माणसाला हाक मारताना अस्सल नाशिकचा होत होता. पांढऱ्या वाइन झाल्या, गुलाबी झाली, मग त्यानं शिराझ ओतली, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाइन. बोटभर, गडद जांभळी. ग्लास फिरवून दाखवत म्हणाला, "ब्लॅक पेपर जाणवतोय का? आपली मिरी?" शेजारच्या पुण्याच्या जोडप्यानं लगेच माना डोलावल्या. मलाही येत होती, किंवा येतेय असं वाटत होतं. मामांनी ग्लासात नाक घातलं, डोळे मिटले, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. सगळे थांबले होते. "नाही ब्वा," ते म्हणाले. "जांभूळ येतंय, थोडं ओलं लाकूड येतंय. मिरी नाही." मुलगा समजुतीनं हसला. "सवयीनं येतं, काका." मामांनी ग्लास खाली ठेवला आणि पुढे वाद घातला नाही.

ते 'सवयीनं येतं' मला तेव्हापासून खुपतंय. कारण मामांच्या नाकाची आमच्या घराला सवय आहे. निफाड तालुक्यातल्या आमच्या आजोळी द्राक्षबाग मामांच्या नाकावर चालते असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. ढगाळ सकाळी बागेच्या दोन ओळींत शिरून ते नुसते उभे राहतात आणि सांगतात, भुरी धरायला लागलीये. पान उलटून बघायच्या आधी. मग पान उलटलं की खालच्या बाजूला पांढरट पावडर सापडतेच. गंधकाची धुरळणी शेजारच्या बागेत कधी झाली, फवारणीच्या टाकीत काय आहे, बेदाण्याच्या शेडमधला कुठला थर नीट वाळला नाही, हे सगळं वासावर. अशा माणसाला एक पोरगा सांगतो की तुमच्या नाकाला सवय नाही, आणि तीसुद्धा शिराझची.

शिराझ त्यांनी स्वतः पिकवलेली आहे, हे त्या मुलाला माहीत असण्याचं कारण नव्हतं. राज्यानं २००१ साली द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क आलं, आणि निफाड-दिंडोरीत ज्यांनी थॉमसन हे खायचं द्राक्ष सोडून काही लावलं नव्हतं त्यांनीही करार करून वाइनची द्राक्षं लावली. मामांनी एक एकर शिराझ लावली. खायच्या द्राक्षाची सगळी कौतुकं इथं उलटी: मणी फुगवायचा नाही, छोटाच राहू द्यायचा; साल जाड हवी; बी हवंच. तोडणीच्या आधी ते दोन मणी तोंडात टाकून साल बराच वेळ चावत आणि बी दाताखाली फोडत. हिरवं, कडवट बी असेल तर थांबायचं. तपकिरी होऊन कुरकुरीत फुटलं की तोडायचं. मग मंदी आली, ज्यांच्याशी करार होता त्यांनी माल उचलणं बंद केलं, आणि तालुक्यातल्या कित्येकांसारखी मामांनीही ती बाग उपटली. त्या वेलींची लाकडं दोन हिवाळे चुलीत जळत होती. एवढं होऊनही त्या द्राक्षाची वाइन त्यांनी कधी चाखली नव्हती. तसा योग त्या दिवशी आला, आणि पहिला घोट घेतल्यावर त्यांचा प्रश्न मिरीचा नव्हताच. "चोवीस ब्रिक्सला तोडायचो आपण हे. एवढी साखर गेली कुठं?"

ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. ती साखर यीस्टनं खाल्ली. तिचंच तेरा-साडेतेरा टक्के अल्कोहोल झालं. ड्राय वाइन म्हणजे तेवढंच. मागे राहिलेली साखर लिटरला साधारण चार ग्रॅमच्या आत, जिभेला न कळण्याइतकी. मामांना हा हिशोब लगेच पटला. मिरीचा मात्र पटेना, आणि खरं तर मलाही नाही.

म्हणून घरी आल्यावर वाचायला बसले. शिराझमधला मिरीचा वास हा कुणा वर्णनकाराचा कल्पनाविलास नाही. त्याला कारणीभूत असलेलं रसायन ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधून २००८ साली प्रसिद्ध केलं; नाव रोटुंडोन. ते द्राक्षाच्या सालीत असतं आणि खऱ्या काळ्या मिरीतही असतं. इतकं तीव्र की लाल वाइनच्या एका लिटरमध्ये सोळा नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला पुरतं. आणि मग पुढचं वाक्य, ज्यावर मी थांबले: चाचणीला बसवलेल्यांपैकी सुमारे वीस टक्के लोकांना ते चाचणीतल्या सगळ्यात जास्त प्रमाणातही येतच नव्हतं. नाक चांगलं असून. पाचांत एक माणूस असा असतो. त्या काउंटरपाशी आम्ही पाचांपेक्षा जास्तच होतो.

मी मामांना फोन केला. ते म्हणाले, "पण मिरी तर मला येते की गं." बरोबर आहे, मिरीत बाकीचेही वास असतात, त्यामुळे घरातली मिरी कुटून हुंगवून काही सिद्ध होत नाही. शिवाय आणखी एक शक्यता उरतेच. हे रसायन थंड हवेत सावकाश पिकलेल्या शिराझमध्ये जास्त सापडतं. आपल्याकडे तोडणीच्या वेळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुपारी काय तापमान असतं ते सांगायला नको. म्हणजे त्या ग्लासात मिरी जेमतेमच असण्याचीही शक्यता आहे, आणि असं असेल तर आम्हा बाकीच्यांना ती आली कुठून? मुलानं शब्द उच्चारला म्हणून?

हे अगदी शक्य आहे. बोर्दोमध्ये वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांना पांढरी वाइन दिली, मग तीच वाइन बिनवासाच्या लाल रंगानं रंगवून दिली, आणि वास लिहायला सांगितले. त्यांनी लालसाठी राखून ठेवलेले शब्द लिहिले. नाकानं जे सांगितलं ते डोळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. ही गोष्ट वाइनवाल्यांची टिंगल करायला नेहमी वापरतात, मला ती टिंगल फार आवडत नाही. आंबा हापूस आहे असं सांगून दिला की तो जास्त गोड लागतो, हे आपण सगळ्यांनीच अनुभवलंय. पण तेव्हापासून मी एक केलं: बाटलीच्या मागचं लेबल वाचायचं नाही, निदान ग्लास रिकामा होईपर्यंत तरी. चेरी, तंबाखू, चामडं, व्हॅनिला, सगळं नंतर. व्हॅनिला बहुतेक ओकच्या पिंपातून आलेला असतो, आणि पिंप नाहीच तर ओकच्या चकत्यांतून. ते कळल्यानं वास बदलत नाही, पण रुबाब थोडा उतरतो.

वासाचं हे असं ज्याचं त्याचं आहे. तोंडातलं तसं नाही.

लाल वाइन तोंडात घेऊन दोन क्षण घोळवली की हिरड्यांच्या वर, ओठांच्या आतल्या बाजूला, जिभेवर एक ओढ बसते. सुपारी चघळल्यावर बसते तशी. ती मामांना बसली, त्या पुण्याच्या जोडप्याला बसली, ओतणाऱ्या मुलालाही बसत असणार. हे टॅनिन, सालीतून आणि बियांतून आलेलं, तेच जे मामा मणी चावून जोखत होते. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड खरखरीत होतं. यात कुणाच्या सवयीचा किंवा सुसंस्कृतपणाचा प्रश्न नाही. जेवणाबरोबर लाल वाइन घ्यायची की नाही, कशाबरोबर घ्यायची, हे ठरवताना मला आता हाच भाग विश्वासाचा वाटतो. 'शिराझमध्ये मिरी आहे म्हणून मिरीच्या पदार्थाबरोबर द्या' हा सल्ला मामांच्या काय कामाचा? पण तुरटपणा, अल्कोहोलची ऊब, मीठ, चरबी, तिखट, गोड, यांचं एकमेकांशी काय होतं ते दोघांच्या तोंडात साधारण सारखंच होतं.

हे पडताळून बघायला जानेवारीत मळ्यावर मटण ठरलं. मामी माळकरी आहेत, त्यामुळे आमच्याकडे मटण घरात शिजत नाही. शेडच्या मागे तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, वेगळा पळा, आणि स्वयंपाकी मामा. मामी त्या दिवशी घरातून बाहेर भरीत पाठवतात आणि बाकी तिकडे फिरकत नाहीत. मी दोन बाटल्या नेल्या होत्या, एक शिराझ आणि एक अकलूजकडची सांजोव्हेजे, ही इटलीकडच्या द्राक्षाची लाल वाइन. मामांनी नेहमीसारखं हळद, मीठ, आलं-लसूण लावून मटण शिजत घातलं. शिजल्यावर पोरांसाठी अळणी, म्हणजे मीठ असलेलं पण मसाला न पडलेलं, वेगळं काढलं, आणि उरलेल्यात खोबरं-कांद्याचं वाटण आणि काळा मसाला पडला. तर्री अशी वर आली की लांबूनच नाकात गेलं.

साहजिकच सगळ्यांनी आधी रश्शाकडे धाव घेतली. मामांनी भाकरी कुस्करली, रस्सा ओतला, दोन घास खाल्ले आणि मोठ्या अपेक्षेनं शिराझचा घोट घेतला. डोळ्यांत पाणी. "आग लागली की गं," म्हणाले. लागणारच. मिरचीचा तिखटपणा आणि अल्कोहोल तोंडातल्या एकाच जाणिवेला, भाजण्याच्या जाणिवेला, डिवचतात. त्यात टॅनिननं तोंड कोरडं केलेलं. तेरा टक्क्यांची लाल वाइन तिखटावर पाणी टाकत नाही, तेल टाकते. हॉटेलांच्या मेन्यूत 'कोल्हापुरी मटण आणि शिराझ' अशी जोडी पाहिली की ती लावणाऱ्यानं दोन्ही एकत्र खाल्लंय का अशी शंका येते. रश्शाबरोबर जी तहान लागते ती थंडगार, जराशी गोडसर पांढरी वाइन भागवेल, किंवा सरळ सोलकढी, ताक, पाणी. लाल नाही.

मग मी पोरांच्या पातेल्यातून अळणी मटणाचे दोन तुकडे मामांच्या ताटात वाढले. त्यांना पटलं नाही, अळणी हे लहान मुलांचं आणि आजाऱ्यांचं. पण चरबीचा पांढरा काठ असलेला तो मऊ तुकडा, मिठाची नीट चव, हळदीचा पुसट कडवटपणा, आणि त्यावर तोच घोट. इथं गंमत झाली. तुरटपणानं धरायला लाळेऐवजी मांसातली प्रथिनं आणि चरबी मिळाली, मिठानं कडवटपणा खाली बसवला, आणि मघाशी खरखरीत लागलेली वाइन एकदम गोलाईची लागायला लागली. फळ वर आलं. मामांनी जांभूळ पुन्हा शोधून काढलं. पुढचा घास त्यांनी न सांगता अळणीचाच घेतला. आपल्या स्वयंपाकात लाल वाइनला सगळ्यात जवळचं काही असेल तर ते मसाला पडण्याआधीचं पातेलं आहे, असं माझं मत त्या रात्री झालं. ज्या घरी मटण नसतं तिथं काय? तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं. भाजलेल्या दाण्याचं तेल आणि तिळाचा किंचित कडूपणा तुरट वाइनला छान धरतो. भरली वांगी चालतात, पण गूळ हात राखून. गूळ पडला की गणित फिरतं. गोडाबरोबर ड्राय वाइन आंबट, पातळ आणि चिडकी लागते. त्यामुळे आमच्याकडची चिंच-गुळाची आमटी आणि कॅबर्नेसारखी तुरट लाल वाइन या दोघांनी एकमेकांना भेटू नये. टोमॅटो मात्र चालतो. सांजोव्हेजे स्वतःच आंबट अंगाची असल्यानं टोमॅटो घालून केलेल्या खिम्याशेजारी ती मान खाली घालत नाही, आणि पोरांसाठी तोही होताच.

ताटाचा आणखी एक प्रश्न आहे. परदेशी पुस्तकं एका पदार्थाला एक वाइन लावतात कारण तिथं पदार्थ एकामागून एक येतात. आपल्या ताटात डावीकडे लिंबू, मीठ, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भात, आणि प्रत्येक घास वेगळा जमवलेला. ठेचा लावलेल्या घासानंतरचा घोट वेगळा, तूप-भाकरीनंतरचा वेगळा. मला तरी त्यावर एकच उपाय दिसतो: वाइन घासाच्या मागोमाग घ्यायची नाही, तर कुठल्या घासामागे घ्यायची ते निवडायचं. ठेचा खाल्ला तर थोडं थांबायचं. नाशिकच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, तो चहाबरोबर शेव आधी की चहा आधी हेसुद्धा ठरवून खातो.

त्या रात्री अडचण आली ती थंडीची. निफाडची जानेवारी म्हणजे राज्यातला सगळ्यात खालचा पारा बरेचदा आमच्याच वाट्याला. लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' द्यावी असं जे म्हणतात ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची, सोळा-अठरा अंशांची. नाशिक शहरात मे महिन्यात त्याच सल्ल्यानं बाटली टेबलावर ठेवली तर ती तिशी ओलांडते आणि नाकात फक्त स्पिरिट जातं; म्हणून तिथं मी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते आणि कुणी नाक मुरडलं तरी ठेवते. मळ्यावर उलट. उघड्यावर ठेवलेली बाटली इतकी गार झाली की टॅनिन दातांवर आलं आणि वास मिटून गेला. मग ग्लास दोन्ही तळव्यांत धरून चुलीच्या अंगाला बसायचं. ग्लास मी घरून नेले होते, तोंडाकडे निमुळते, आणि एक तृतीयांशच भरायचे, म्हणजे फिरवायला जागा राहते. मामांच्या धाकट्यानं स्टीलच्या पेल्यात घेतली. त्यानं काही बिघडत नाही, फक्त रंग दिसत नाही आणि वास उडून जातो. बाटली हवेशी लागावी म्हणून तो पितळी तांब्यात ओतणार होता, तेवढं मात्र थांबवलं. इतक्या आंबट गोष्टीला पितळेत कळकायला वेळ लागत नाही. तशीही आपल्याकडची बहुतेक लाल वाइन तरुणपणीच प्यायची असते. काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास पुरे.

समुद्राकडचे वाचक मासळीचं विचारतील. माझं सासर मालवणकडचं आहे, आणि तिथं एकदा बांगड्यावर कॅबर्ने घेतली गेली. तोंडात जुनं नाणं ठेवल्यासारखी चव आली आणि ती बराच वेळ गेली नाही. २००९ साली जपानी संशोधकांनी याचं खापर वाइनमधल्या लोहावर फोडलं. लोह जास्त असलेली वाइन शिंपल्यांबरोबर घेतली की तोंडात माशाचा उग्र वास वाढतो. सगळ्या लाल वाइनमध्ये लोह सारखं नसतं, त्यामुळे एखादी चालूनही जाते. पण बाजारात बांगडा महाग झालेला असताना हा जुगार कशाला?

मामी त्या रात्री भरीत घेऊन स्वतःच आल्या, शेडच्या उंबऱ्यापर्यंत. त्यांना यातलं काहीच मान्य नाही. जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं हजार चौरस फुटांपेक्षा मोठ्या सुपरमार्केट आणि दुकानांतून वाइन विकू द्यायचं ठरवलं तेव्हा या घरात आठवडाभर अबोला होता. मामा म्हणत होते, माल उठेल, पोरं बाग ठेवतील. मामी म्हणत होत्या, या गल्लीतली दोन घरं कशानं बसली ते तुम्हाला दिसत नाही का. ती दोन घरं मीही पाहिली आहेत, एका घरातली मुलगी माझ्याबरोबर शाळेत होती. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगून टाकलं की आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं कुठलंही प्रमाण नाही, अगदी लाल वाइनचंही, आणि हृदयाला चांगली म्हणून ती पिणाऱ्यांची सोय गेली. मी ग्लास हातात धरून मामींशी या विषयावर वाद घालत नाही. त्यांचं खोटं नाही. मला ती चव आवडते, हेही खोटं नाही. दोन्ही घेऊन मी चुलीपाशी बसते.

भरीत विस्तवावर भाजलेल्या वांग्याचं, पातीचा कांदा, दाणे, आणि मामींच्या हिशोबानं 'अजिबात तिखट नाही' इतकी मिरची. धुराचा वास वांग्यात मुरलेला. मला त्यावर शिराझ फार आवडली. धुरामागून मिरी पुन्हा आली, शपथेवर सांगते, लेबल वाचलेलं नव्हतं. मी मामांना म्हटलं, आता तरी बघा. त्यांनी भाकरीवर भरीत घेतलं, खाल्लं, घोट घेतला, विचार केला. त्यांना धूर आला, कांदा आला, तुरट आलं. मिरी नाही. "भरताला ताकच," म्हणाले आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. मामी उंबऱ्यात हसल्या, ताकाची कासंडी त्यांनी बरोबर आणलीच होती.

तरी अळणीच्या वेळी घेतलेली चव मामांच्या डोक्यातून गेलेली दिसत नव्हती. सकाळी निघताना त्यांनी बाटलीत उरलेली बघितली, बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहील हे विचारून घेतलं, आणि म्हणाले, रविवारी हुरड्याला माणसं येणार आहेत. मी सांगितलं, हुरडा गोड असतो, वर तुम्ही गूळ देता, ही वाइन त्याच्याबरोबर आंबटढाण लागेल. त्यातल्या त्यात तिळाची चटणी ठेवा, लसणाची नको. "लागू दे आंबट," मामा म्हणाले. "खाऊन तर बघू. आणि कुणाला मिरी येते का तेही विचारतो. आधी सांगणार नाही."